हक्क आणि अधिकार : एका इंजेक्टरच्या निमित्ताने

आमच्या सीमाभागात मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराला 'उस्ताद' म्हणण्याची रीत आहे. पुण्या-मुंबईकडील मंडळी त्याला मेकॅनिक म्हणतात, कोणी मिस्त्री म्हणतात; बीदर, भालकी, औराद, उदगीर ह्या पट्ट्यात मात्र निजामी अमदानीपासून तो उस्तादच आहे. उस्ताद ह्या शब्दाचा मूळ अर्थ गुरू. तालमीत डाव शिकविणारा तो उस्ताद, तबल्यावर शिष्याची बोटे बसविणारा तो उस्ताद, आणि बॉनेटखाली डोके घालून उभा असलेला, कोपरापर्यंत काळवंडलेल्या हातांचा तोही उस्तादच. साठाहून अधिक वर्षे आम्ही हा शब्द सहज उच्चारीत आलो. त्यात गुरुत्वाचा काही अंश आहे, हे मात्र २०२४ सालच्या कार्तिकातील एका संध्याकाळी आमच्या ध्यानी आले. ती हकिकत आणि तिच्यातून निघालेला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न असा : जी वस्तू आपल्या मालकीची आहे, ती उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला आहे, हे तर उघडच आहे, पण तेवढ्याने आपल्याला तसा अधिकार प्राप्त होतो काय? हक्क आणि अधिकार हे दोन शब्द आपण समानार्थी म्हणून वापरतो. ते तसे नाहीत, असे आम्हांस आता वाटू लागले आहे.

आमची मोटार लहान, चार सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी. नोकरीत असताना २०१० साली घेतली. संतपूरहून बीदरला, औरादला, लग्नकार्याला उदगीरला, एवढाच तिचा संचार. चौदा वर्षे तिने तक्रार केली नाही. मग सकाळी चालू करताच इंजिन थरथरू लागले, पेट्रोल जास्त लागू लागले, आणि समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला तो विझेना. उस्तादांनी एक लांब पेचकस घेतला, त्याचे टोक इंजिनावरील एकेका इंजेक्टरला टेकविले आणि मूठ कानाशी धरली. वैद्याने छातीला नळी लावावी तसे ते चारही ठिकाणी ऐकत गेले. म्हणाले, "साहेब, तिघं बोलतात, एक अडखळतो. वय झालं. चारही बदलले तर बरं."

वाचकांपैकी ज्यांचा यंत्राशी फारसा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी एक झडप. आत तारेचे वेटोळे, एक सुई, आणि टोकाला केसासारखी बारीक छिद्रे. विजेचा इशारा मिळाला की सुई उचलली जाते, पेट्रोलचे तुषार आत उडतात. इशारा थांबला की ती बसते. इंजिन नुसते जागच्या जागी चालत असले तरी एकेक इंजेक्टर मिनिटाला सुमारे ४०० वेळा उघडतो, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सहस्रांश सेकंदांपुरताच. इतक्या अल्पकाळात इतके नेमके माप! थेंबाचा अंश कमी झाला तर इंजिन अडखळते, जास्त झाला तर धूर ओकते. आयुर्वेदात जिला मात्रा म्हणतात, ती राखण्याचे काम हा इंजेक्टर करतो.

आमच्या तरुणपणी हे काम कार्ब्युरेटर करीत असे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली पहिली मारुती ८०० कार्ब्युरेटरचीच होती. त्याचा जेट काढून फुंकर मारणे, स्क्रू अर्धा फेरा फिरवून कानाने चाल जुळविणे, हे अनेक मालक स्वतः करीत. पुढे धुराविषयीचे नियम आले. २००० सालाच्या सुमारास आपल्या देशात पेट्रोलच्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार होऊ लागला आणि इंजेक्टर आला. परदेशात हे आधीच घडले होते. जर्मन फोक्सवॅगनने १९६७ साली विजेच्या नियंत्रणाचे इंजेक्टर बसविलेली मोटार अमेरिकेच्या बाजारात आणली, तीही तेथील धुराच्या नियमांमुळेच. हवा स्वच्छ झाली, पेट्रोल वाचले. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण मालकाचा हात यंत्रातून बाहेर पडला, हेही तितकेच खरे. कार्ब्युरेटर फुंकरीने साफ होत असे; इंजेक्टरला फुंकर चालत नाही.

इंजेक्टर का बिघडला, ह्याविषयी गावात बरीच चर्चा झाली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळूरु येथे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे वितरण सुरू झाले. तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या प्रत्येक दुखण्याचे खापर इथेनॉलवर फोडण्याची पद्धत पडली आहे. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला ते सोसतेच असे नाही, हे जाणकार सांगतात. पण ज्या जिल्ह्याच्या शेतांत ऊस डोलतो, त्या जिल्ह्यातील माणसाने उसाच्या अर्काला सरसकट शिव्या देणे शोभत नाही. चौदा वर्षांचे वय हेही पुरेसे कारण होते. असो.

उस्तादांनी बदलण्याची तयारी दाखविली होती. चार दिवसांत सामान मागवितो, म्हणाले. येथे आमच्या मनात एक विचार शिरला. आम्ही राज्य सरकारच्या सेवेत ३६ वर्षे काढली. त्या काळात रस्ते, विहिरी, शाळाखोल्या ह्यांच्या असंख्य कागदांवर सह्या केल्या. परंतु स्वतःच्या हाताने एक खिळाही ठोकला नाही. निवृत्तीनंतर ही उणीव बोचू लागली होती. त्यातच दिवाळीच्या सुटीला नातू आला होता, नऊ वर्षांचा. पुण्याहून चिरंजीवांनी चार नवे इंजेक्टर कुरियरने पाठवून दिले, कृतीही सविस्तर लिहून दिली. आम्ही उस्तादांना काही कळविले नाही. 'आपले काम आपण करावे' ह्या लहानपणी गिरविलेल्या सुविचाराचा आधार घेतला आणि वाड्याच्या चौकात गाडी उभी केली.

कृती अवघड नव्हती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पेट्रोलच्या नळीत वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाब असतो. तो आधी उतरवावा लागतो. त्यासाठी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केले; उरलेसुरले पेट्रोल संपताच ते आपोआप बंद पडले. रात्रभर गाडी थंड होऊ दिली. सकाळी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविली. इंजेक्टरांना जोडलेल्या विजेच्या टोप्या अलगद काढल्या. ज्या आडव्या नळीतून चौघांना पेट्रोल मिळते, तिला कारागीर 'रेल' म्हणतात. तिचे बोल्ट काढून ती इंजेक्टरांसह वर उचलली. उघड्या पडलेल्या भोकांवर स्वच्छ फडके झाकले, कारण तेथून वाळूचा कण जरी आत गेला तरी इंजिनाचे नुकसान. मग जुने इंजेक्टर काढून नवे बसविले. प्रत्येकाला वर एक आणि खाली एक अशा दोन रबरी कड्या असतात, ज्यांना ओ-रिंग म्हणतात. त्या नव्या होत्या. त्यांना बसविण्यापूर्वी इंजिन तेलाचे बोट फिरवावे, असे चिरंजीवांच्या कागदावर स्पष्ट लिहिले होते. आम्ही पहिल्या तिघांना तेल लावले. चौथ्याच्या वेळी नातवाने काही विचारले, आम्ही त्याला उत्तर देत देतच ती कडी कोरडी दाबून बसविली. आत जाताना किंचित अडल्यासारखे वाटले. जोर दिला, गेली.

कागदावर आणखी एक सूचना होती : इंजिन चालू करण्यापूर्वी किल्ली दोन-तीन वेळा नुसती फिरवून पंपाला दाब भरू द्यावा, आणि कोठे ओल दिसते काय ते बॅटरीच्या उजेडात पाहावे. दिवस कलला होता. शेजारची दोन-चार मंडळी जमली होती. आम्ही एकदम इंजिन चालू केले.

ते चालू झाले, आणि काय सुरेख चालू झाले! थरथर नाही, अडखळणे नाही. शेजाऱ्यांनी वाहवा केली. नातवाने टाळ्या वाजविल्या. ३६ वर्षांच्या नोकरीत असा आनंद झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. तो आनंद सुमारे चार मिनिटे टिकला.

कार्तिक महिना. आमच्या सौभाग्यवती तुळशीपाशी दिवा लावण्यासाठी चौकात आल्या होत्या. एका हातात वात भिजविलेली पणती, दुसऱ्या हातात आगपेटी. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "अहो, वास कसला येतोय?" आम्ही तुळशीकडे पाहिले, मग बॉनेटखाली. चौथ्या इंजेक्टरच्या माथ्यापाशी पेट्रोल पाझरत होते आणि तापत चाललेल्या इंजिनावर टपटप पडत होते. तुळशीवृंदावन गाडीपासून दहा पावलांवर. नातू त्या दोहोंच्या मध्ये.

इंजिन बंद केले. सौभाग्यवतींनी आगपेटी तशीच मुठीत आवळून धरली होती, ती मूठ उघडायला त्यांना वेळ लागला. शेजाऱ्यांनी गाडी ढकलून बाहेर मोकळ्या जागेत नेली, बॅटरीची तार काढली. आग विझविण्याचे नळकांडे घरात नव्हते. वाळूची बादलीसुद्धा भरून ठेवलेली नव्हती. काही घडले नाही. पण 'काही घडले नाही' ह्या तीन शब्दांत आमचे कर्तृत्व काहीच नव्हते. तो सौभाग्यवतींच्या नाकाचा आणि दैवाचा भाग होता. त्या रात्री तुळशीपाशी दिवा लागला नाही.

त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा जे विचार मनात आले ते येथे मांडतो.

पहिला विचार जबाबदारीचा. सरकारी कामात जबाबदारी ही एक वाहती वस्तू असते. कारकुनाने टिपण लिहावे, अव्वल कारकुनाने तपासावे, आम्ही सही करावी, वरिष्ठांनी मंजुरी द्यावी. पूल खचला तर ती जबाबदारी कोणाच्या टेबलावर होती, हे शोधण्यासाठी चौकशी नेमावी लागते, आणि चौकशीच्या अखेरीस बहुधा ती कोणाच्याच टेबलावर सापडत नाही. ही व्यवस्था वाईट हेतूने झालेली नाही. एका माणसाच्या चुकीने अनर्थ होऊ नये म्हणूनच चार सह्यांची पद्धत पडली. पण तिची सवय लागते. आम्ही ती कोरडी कडी दाबली तेव्हा मनाच्या तळाशी कोठेतरी असेच वाटत होते की, पुढे कोणीतरी तपासेल. पुढे कोणी नव्हते. 'उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा त्या कडीवर मारता येत नव्हता. हाताने केलेल्या कामात ज्याने केले त्याचेच ते असते. ही गोष्ट उस्तादांना वयाच्या बाराव्या वर्षी कळली असेल. आम्हांला चौसष्टाव्या वर्षी कळली.

दुसरा विचार अधिक अडचणीचा आहे, आणि तो ह्या पत्रिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांना लागू पडेल म्हणून संकोच सोडून लिहितो. सीमाभागातील आमची जुनी मराठी घराणी कोणी वतनामुळे, कोणी दफ्तराच्या कामामुळे, कोणी सावकारीमुळे येथे स्थिरावली. लेखणी हे आमचे हत्यार. १९५६च्या १ नोव्हेंबरला जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले; उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. आमच्या वडिलांच्या पिढीने कानडी शिकून घेतली आणि लेखणी चालू ठेवली. भाषा बदलली, राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले, पण हाताने करावयाची कामे दुसऱ्याची, हा समज मात्र बदलला नाही. सुतार, लोहार, कुंभार ह्यांच्या हातांवर आमची घरे उभी राहिली आणि ते हात आम्ही ओसरीच्या खाली ठेवले. बलुते दिले म्हणजे फिटले, अशी आमची समजूत.

आणि ही समजूत कोठे टिकली? तर ज्या जिल्ह्यात बसवकल्याण आहे तेथे! बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जळाच्या दरबारी मोठ्या पदावर असलेल्या बसवेश्वरांनी कायकाचा विचार मांडला : प्रामाणिकपणे केलेले काम हीच उपासना, मग ते चर्मकाराचे असो, नावाड्याचे असो वा दोर वळणाऱ्याचे. कल्याणच्या अनुभवमंटपात मादार चन्नय्या आणि अंबिगर चौडय्या ह्यांचे वचन तितक्याच आदराने ऐकले जाई. बसवेश्वर स्वतः सरकारी अधिकारीच होते, असे म्हटले तर चालेल. आम्ही त्यांच्या जयंतीला भाषणे केली आहेत. पण आमचे ज्ञान तेथेच थांबले.

तेव्हा निवृत्तीनंतर पाना हाती घेणे, हे ह्या जुन्या दोषाचे प्रायश्चित्त नव्हे काय? तसे आम्ही मनाशी म्हणत होतो. पण त्या रात्री एक विपरीत शंका आली. उस्ताद पोटासाठी हात काळे करतात. आम्ही हौसेसाठी केले. त्यांना न आलेले काम त्यांची रोजी बुडविते. आम्हांला न आलेले काम गप्पांचा विषय होते. पूर्वी त्यांच्या श्रमाला आम्ही कमी लेखले. आता तोच श्रम आम्ही छंद म्हणून उचलला, आणि उचलताना त्यांच्या चार दिवसांच्या मजुरीसह उचलला, तेही त्यांना न कळविता. जी गोष्ट आम्ही स्वावलंबन म्हणत होतो, तिच्यात कितपत स्वावलंबन होते आणि कितपत 'त्यात काय एवढे?' ही जुनीच ओसरीवरची वृत्ती होती? दुसऱ्याचे कसब सोपे समजणे हाही ते कमी लेखण्याचाच प्रकार आहे.

येथे कोणी म्हणेल की, मग ज्याचे काम त्याने करावे, मालकाने बॉनेटला हात लावू नये, हाच निष्कर्ष ना? तसा तो नाही. तसे म्हणणे म्हणजे बलुतेदारीच पुन्हा आणणे. शिवाय मालकाचा हात बाहेर ठेवण्यात आज मोठ्या उद्योगांचेही हित आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र कारागिरांना मिळू न देणे हे स्पर्धेला बाधक आहे, असे आयोगाचे मत पडले. निर्णयाविरुद्ध अपिले झाली, ती गोष्ट वेगळी. त्याआधी २०१२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी कौल देऊन मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा आणला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ह्या हक्काने जितका मालक वाचतो तितकाच गावचा उस्ताद वाचतो. जी गाडी फक्त कंपनीच्याच कार्यशाळेत उघडेल, ती संतपूरच्या उस्तादाकडे येणारच नाही.

आणि स्वतः उघडून पाहिल्याशिवाय नवे काही निर्माण होत नाही, ह्याचा दाखला आपल्या सीमाभागातच आहे. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे काही परंपरेने लोहार नव्हते. यंत्रे उघडून, पाहून, चुकून ते शिकले. त्यांचे लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हाती गेले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हा उघडण्याचा हक्क आम्ही सोडणार नाही.

मात्र हक्क आणि अधिकार हे वेगळे. हक्क हा फारसी-अरबीतून आलेला शब्द. तो मालकीतून, कायद्यातून, पावतीतून मिळतो. अधिकार हा शास्त्रातला शब्द. आपल्याकडे ग्रंथाच्या आरंभी 'अधिकारी कोण' ह्याचा विचार करीत. म्हणजे हे शिकण्यास कोण पात्र आहे, कोणाची तयारी झाली आहे. पात्रतेची ही कल्पना जन्माशी जखडून ठेवण्याचे पाप आपल्या समाजाने केले, हे खरे. पण कल्पनेचा गाभा तयारीचा होता. गंमत अशी की, आम्ही आयुष्यभर 'अधिकारी' म्हणूनच ओळखले गेलो. सरकारी आदेशाने अधिकार मिळाला, सरकारी आदेशाने तो सेवानिवृत्तीच्या दिवशी काढून घेतला गेला. उस्तादांचा अधिकार कोणत्याही आदेशाने मिळालेला नाही आणि कोणत्याही तारखेला संपणार नाही. बीदरच्या बिदरी कारागिरांविषयी सांगतात की, धातूला काळा रंग आणणारी किल्ल्यातील माती ते जिभेवर ठेवून पारखतात. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी ह्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हां सर्वांना अभिमान वाटला. पण त्या जिभेचा अधिकार पद्मश्रीच्या आधीपासूनचा होता. पेचकस कानाशी धरून 'तिघं बोलतात, एक अडखळतो' म्हणणारा कान हा त्याच जातीचा.

अधिकाराचे एक लक्षण असे की, ज्याच्याजवळ तो असतो त्याला आपली सीमा ठाऊक असते. ह्याचा अनुभव पुढे आला. आमच्या एका पुतण्याची डिझेलवर चालणारी गाडी आहे. आमचा पराक्रम ऐकून तो म्हणाला, "काका, माझ्या गाडीचेही नोझल आपणच बदलू." उस्ताद तेथे उभे होते. त्यांनी हात जोडले. नव्या पद्धतीच्या डिझेल गाडीत रेलमधला दाब वातावरणाच्या हजारपट आणि त्याहूनही अधिक असतो. ती धार कातडी भेदून शरीरात शिरते. शिवाय प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक असतो, तो गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो. उस्ताद म्हणाले, "ते मीसुद्धा उघडत नाही. पंप-नोझलवाल्याकडे पाठवतो." ३० वर्षे इंजिने उघडणारा माणूस 'मी उघडत नाही' असे म्हणाला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आता मूळ हकिकत पुरी करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वतः उस्तादांच्या दुकानी गेलो. सर्व सांगितले; वगळले काही नाही. ते आले. चौथा इंजेक्टर उपसून त्यांनी कडी नातवाच्या तळहातावर ठेवली. तिच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापला गेला होता. त्यांनी नवी कडी काढली, नातवाचे बोट तेलात बुडविले आणि त्याच्याच हाताने तिच्यावर फिरविले. मग आम्हांला म्हणाले, "बसवा साहेब, तुम्हीच. जोर लावू नका, थोडं फिरवत न्या. जोर लागला की समजायचं, कुठंतरी चुकतंय." ती आपोआप गेल्यासारखी गेली. मग किल्ली तीन वेळा नुसती फिरविली. उजेड धरून, कोरडे फडके प्रत्येक सांध्याला लावून त्यांनी पाहिले. फडके कोरडेच राहिले. तेव्हाच इंजिन चालू करू दिले.

आम्ही त्यांची क्षमा मागितली. साहेबाने क्षमा मागणे त्यांना अवघड गेले असावे. खाली पाहत म्हणाले, "तुम्ही उघडलं म्हणून काही वाटलं नाही, साहेब. तुमची गाडी आहे. बोलावलं नाही, ह्याचं वाटलं. मी नुसता बसून राहिलो असतो."

पैसे देऊ लागलो तर कडीचे तेवढे १५ रुपये घेतले. म्हणाले, काम तर साहेबांनीच केले, मजुरी कशाची? ह्यावर आमचा बराच वाद झाला. आमचे म्हणणे असे की, कडी बसविण्याचे पैसे नसतील, पण 'जोर लागला की चुकतंय' हे सांगण्याचे आहेत. वकील सल्ल्याचे घेतो, डॉक्टर नाडीचे घेतो, मग उस्तादाने हात चालविला तरच मोल, आणि डोळा चालविला तर फुकट, हा कोठला न्याय? हाही ओसरीवरचाच हिशेब. अखेर ठरले ते असे : आमच्या गाडीचे जे काम घरी करण्याजोगे असेल ते आम्ही करू, त्या वेळी उस्ताद शेजारी बसतील, आणि जितका वेळ बसतील तितक्या वेळाची पूर्ण मजुरी घेतील. ह्यात आमचे पैसे वाचत नाहीत. वाचावेत अशी अपेक्षाही आता नाही. नळकांडे मात्र विकत आणले आहे, आणि गाडी चौकात नव्हे, बाहेर मोकळ्यावर उभी असते.

गाडीची एक वही घातली आहे. सवय जात नाही, रकानेही आखले. तारीख, किलोमीटर, केलेले काम. त्यापुढे दोन रकाने : 'काम करणार' आणि 'तपासणार'. पहिल्यात आमची मराठी सही, दुसऱ्यात उस्तादांची उर्दूतली. दिवाळीनंतर नातू पुण्याला परतला. जाण्यापूर्वी त्याने पहिल्या नोंदीखाली पेन्सिलीने स्वतःचे नाव लिहिले आणि पुढे कंसात 'तेल लावणार' असे नमूद केले. ती नोंद आम्ही खोडली नाही.